आत्याचे पन्नास डॉलर आणि ती खिडकी : नर्सिंग होमच्या रेसिडेंट अकाउंटचा रिव्ह्यू

स्टार आधीच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून पुढे जावं. नर्सिंग होम रेसिडेंटचे, म्हणजे तिथे राहणाऱ्यांचे, पैसे सांभाळतं त्या सर्व्हिसला पाचपैकी अडीच. पहिल्या सहा महिन्यांत विचारलं असतं तर एक दिला असता, आणि तोही खिडकीवरच्या मुलीचा चेहरा बघून. सरकार वरखर्चाला जी रक्कम ठेवू देतं तिला दीड. जागेचं नाव लिहीत नाहीये कारण आत्या अजून तिथेच आहे आणि तिला रोज उठवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या सीएनए (मदतनीस) बायका खरंच चांगल्या आहेत, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको. न्यू जर्सीत, एडिसनपासून पंचवीस मिनिटांवर, एवढं पुरे.

आत्याला तिथे ठेवायच्या आधी मी त्या जागेचे सगळे रिव्ह्यू वाचले होते. जेवण कसं, वास येतो का, पार्किंग मिळतं का, फिजिओथेरपी किती वेळ देतात, इंडियन विंग आहे म्हणजे नक्की काय आहे (म्हणजे दुपारी खिचडी आणि टीव्हीवर दिवसभर भजन). सगळं होतं. पण लॉबीतून डावीकडे वळल्यावर मेलबॉक्सच्या पलीकडे जी छोटी खिडकी आहे तिच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. आत्याचा या जगातला सगळा पैसा आता त्या खिडकीच्या आत असतो. ती मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते दोन उघडी. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. आमची आत्या नव्वदच्या दशकात आली, बाबांनी स्पॉन्सर केलं होतं, एका वेअरहाउसमध्ये परफ्यूमच्या बाटल्या पॅक करायचं काम तिनं चौदा वर्षं केलं, त्यामुळे चाळीस क्रेडिट पुरे होऊन तिला स्वतःची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, मिळते. २०२४ च्या फेब्रुवारीत स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, आणि मार्चपासून ती तिथे आहे. तिथलं महिन्याचं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं तर दहा हजार डॉलरच्या वर जातं, ते कुणाच्याच खिशात नसतं, म्हणून मेडिकेड, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च भरणारी सरकारी योजना. मेडिकेड मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग काउंटीचं पत्र आलं. त्यात गणित होतं. आत्याला तेव्हा महिन्याला यायचे १,१८६ डॉलर. त्यातले ५० तिचे. उरलेले १,१३६ नर्सिंग होमला, तिच्या बिलातला तिचा वाटा म्हणून. बाकीचं मेडिकेड भरतं.

त्या पन्नासला पर्सनल नीड्स अलाउन्स म्हणतात. आत्या त्याला वरखर्चाचे म्हणते. मी तिला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, मग विचारलं, "आठवड्याचे ना गं?" मी म्हटलं नाही, महिन्याचे.

न्याय म्हणून सांगते, यात चूक असं काही नाही. राहणं, खाणं, औषधं, डॉक्टर, चोवीस तास माणूस, सगळं त्यातून होतंय आणि आपण भारतातून आलेली माणसं, फुकटची किंमत आपल्याला कळते. सांगलीला आत्याची जाऊ आहे, तिला श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये येतात आणि त्यात तिला सगळंच बघायचं असतं, औषधापासून गॅसपर्यंत. तिला फोनवर हे पन्नास डॉलरचं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे चार हजाराच्या वर की, आणि जेवण वेगळं? मग रडताय कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण जाऊबाई तिचे दीड हजार बँकेतून स्वतः अंगठा देऊन काढते आणि येताना कोपऱ्यावर भजी खाऊन येते, आणि आत्याला खिडकी लागते. फरक तिथे आहे, पण तो मला तेव्हा सांगता आला नाही.

रकमेबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. अख्ख्या अमेरिकेसाठी कमीत कमी आकडा आहे ३० डॉलर, आणि तो १९८८ पासून तीसच आहे. त्याच्या आधी २५ होता, १९७४ ला एसएसआय (गरीब म्हाताऱ्यांना आणि अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता) सुरू झाला तेव्हापासूनचा. तेव्हाच्या पंचवीसला जे यायचं ते आज आणायला दीडशेच्या वर लागतील. म्हणजे वाढ म्हणायची पाच डॉलर आणि तीही पन्नास वर्षांत. पुढचं राज्यावर आहे, ज्याचा जसा हात. न्यू जर्सी ५०, टेक्सास ७५ (२०२३ च्या कायद्यानं वाढवले, आधी ६० होते), अलास्का २००. माझी एक मैत्रीण ह्यूस्टनला आहे, तिच्या सासऱ्यांना ७५ मिळतात, ती म्हणते पुरतात कसेबसे. आणि ज्यांना सोशल सिक्युरिटीही नाही, नुसता एसएसआय आहे, त्यांचा तो चेक नर्सिंग होममध्ये गेल्यावर ३० डॉलरवर येतो, मग राज्यानं वर काही घातले तर घातले.

आणि यातली खरी गंमत जानेवारीत कळते. २०२५ च्या जानेवारीत सोशल सिक्युरिटी अडीच टक्क्यांनी वाढली. पत्र आत्याच्या नावानं आलं, तिनं डाव्या हातानं फोडलं, आकडा वाचता येतोच तिला, १,२१५. माझी वाट बघत बसली होती. "एकोणतीस वाढले गं माझे!" आता काय सांगणार. सांगितलं, आत्या, तुझे नाही वाढले, त्यांचे वाढले. तुझे पन्नासच. ती म्हणाली, "मग पत्र मला कशाला पाठवलं?"

बरोबर आहे ना. पत्र तिला कशाला पाठवलं.

आता खिडकी. ॲडमिशनच्या दिवशी आमच्यापुढे साठेक पानांचा गठ्ठा ठेवला होता, जिथे पिवळे चिकट कागद होते तिथे सह्या करत गेलो, त्यातच एक कागद होता की रेसिडेंटचे वैयक्तिक पैसे फॅसिलिटी सांभाळेल. मला वाटलं हे असंच असतं. नसतं! कुठलंही नर्सिंग होम तुम्हाला पैसे त्यांच्याकडे ठेवायची जबरदस्ती करू शकत नाही, फेडरल नियम आहे. तिच्या स्वतःच्या बँकेच्या खात्यात राहू शकतात, घरचं कुणी सांभाळू शकतं. आणि तुम्ही लेखी सही करून ठेवायला दिलेत तर मग त्यांनी ते वेगळे ठेवायचे, स्वतःच्या पैशात मिसळायचे नाहीत, मेडिकेडवाल्या माणसाचे पन्नासच्या वर असले तर व्याज मिळणाऱ्या खात्यात ठेवायचे, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब द्यायचा. हे सगळं मला आठ महिन्यांनी कळलं. पहिल्या स्टेटमेंटवर व्याज अकरा सेंट होतं. आत्या म्हणाली सांगलीच्या पतपेढीनं जास्त दिलं असतं, फक्त ती बुडाली.

एक स्टार ज्या दिवशी द्यावासा वाटला तो दिवस सांगते. शनिवार होता, माझ्या धाकटीचा नववा वाढदिवस, केक घेऊन सगळे आत्याकडे गेलो होतो. आत्यानं दोन दिवस आधीपासून सीएनएला सांगून ठेवलेलं की मला माझे वीस डॉलर काढायचेत. त्या बिचारीला वाटलं आज्जी काहीतरी बडबडतेय, तिनं हो हो केलं. आम्ही पोचलो तर आत्या व्हीलचेअरवर खिडकीसमोर. खिडकी बंद. आत अंधार. रिसेप्शनवाली म्हणाली बिझनेस ऑफिस मंगळवारी उघडेल. मी पर्समधून वीसची नोट काढली, म्हटलं आत्या हे घे, मंगळवारी मला परत दे. तर तिनं माझा हात ढकलला. डावा हात, पण जोर होता. "तुझेच पैसे तुझ्याच पोरीला खाऊला? मग मी काय दिलं गं?"

नंतर केक कापला, गाणी झाली, फोटोत ती हसतेय पण. धाकटीला काहीच कळलं नाही. मला रात्रभर ते "मग मी काय दिलं" आठवत राहिलं. पन्नास डॉलर कमी आहेत वगैरे चर्चा आम्ही घरात भरपूर केली होती, पण तिला कमी आहेत याचं काही नव्हतंच. ते तिच्या हातात येत नव्हते, याचं होतं.

मग मी बसले शोधायला. माझा नवरा म्हणतो तू एवढी मेहनत टॅक्सवर केली असतीस तर. तर कळलं ते असं : सरकारी तपासणी करणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्येच लिहिलंय की मेडिकेडवाल्या माणसानं पन्नासच्या आतली रक्कम मागितली तर त्याच दिवशी मिळाली पाहिजे, पन्नास किंवा वर असेल तर बँकेचे तीन दिवस. हाताशी सुटे पैसे सतत मिळायला पाहिजेत. मंगळवार-गुरुवार दहा ते दोन असं त्यात कुठेच नाही. आणि ज्या गोष्टींसाठी रेसिडेंटच्या खात्यातून पैसे घेता येतात त्यांची यादी आहे, फोन, स्वतःचा टीव्ही, कपडे, गोळ्या-चॉकलेट, वाचायची पुस्तकं, फुलं, आणि चक्क दुसऱ्याला द्यायच्या भेटवस्तू. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बसून कायदा लिहिणाऱ्या कुणाला तरी हे सुचलं होतं की म्हाताऱ्या माणसाला कुणाला तरी काही द्यावंसं वाटेल. मला त्या माणसाला भेटायचंय एकदा.

त्याच नियमात दुसरी यादी आहे, ज्याचे पैसे घेता येत नाहीत त्याची. साबण, टूथपेस्ट, कंगवा, टिश्यू, मॉइश्चरायझर, डायपर, टॉवेल, रोजच्या कपड्यांची धुलाई, नखं कापणं, तिथल्या स्टाफनं साधे केस कापून देणं. ही यादी फोनवर उघडी ठेवून मी आत्याची तीन स्टेटमेंटं पुढे घेतली. केस कापायचे १८ डॉलर, तीनदा. म्हणजे ५४. आणि लोशनचे ७. एकूण ६१, एका महिन्याच्या अलाउन्सपेक्षा जास्त!

केसांचं मला जास्त लागलं कारण आत्याची वेणी होती, कमरेपर्यंत नाही तरी बरीच, पातळ झालेली. एका हातानं घालता येत नाही, सीएनएला वेळ नसतो, म्हणून पहिल्याच महिन्यात खांद्यापर्यंत कापली आणि मग दर थोड्या महिन्यांनी ट्रिम. तिनं हूं का चूं केलं नव्हतं. आणि त्याचे अठरा डॉलर तिच्याच पन्नासातून.

मंगळवारी ऑफिसातून अर्धा दिवस काढून गेले. खिडकीवर एक तिशीची मुलगी असते, मी भांडायच्या तयारीतच होते, चांगली दोन-तीन वाक्यं गाडीत पाठ केली होती. तिनं शांतपणे स्टेटमेंट बघितलं आणि म्हणाली, सलूनवाली बाहेरून येते, ती सगळ्यांची एकच यादी देते, मी सगळ्यांना लावते. म्हणजे पर्म करणारी आणि टोकं कापून घेणारी एकाच भावात. पर्म, कलर याचे पैसे घेता येतात, बाहेरच्या सलूनवालीनं केस कापले तर त्याचेही, पण साधी ट्रिम तिथल्या स्टाफनं फुकट करून द्यायची असते, हे तिलाही माहीत नव्हतं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी यादी दाखवली. तिनं वरिष्ठांना विचारून सांगते म्हटलं. मला वाटलं झालं, आता तीन महिने. पण पुढच्या गुरुवारी ५४ डॉलर परत जमा.

लोशनचे सात मात्र नाही मिळाले आणि तिथे चूक आमची निघाली. त्यांच्याकडचं साधं पांढरं लोशन फुकट होतं, आत्याला मोगऱ्याच्या वासाचं पाहिजे होतं, तसं तिनं सांगितलं होतं, आणि आपण मागून विशिष्ट ब्रँड घेतला की ते आधी सांगून जास्तीचे पैसे लावू शकतात. सांगितलं होतं का, तर एका कागदावर आत्याची डाव्या हाताची वाकडी सही होती. मी घरी येऊन आत्याला फोनवर विचारलं, तर म्हणे, "हो, सात म्हणाली होती ती. मोगऱ्याचं होतं ना." म्हणजे मी जिच्या वतीनं भांडत होते तिनं सात डॉलर विचार करून खर्च केले होते. त्या दिवसापासून तिच्या स्टेटमेंटवरची प्रत्येक ओळ मी आधी तिला विचारते, मग भांडायला जाते.

आता तिचे पन्नास कसे जातात ते सांगते कारण हे कुणी सांगत नाही आणि सगळे म्हणतात तिला तिथे काय लागतं. पंधरा फोनला. साधा प्रीपेड प्लॅन, त्यावर सांगलीला व्हॉट्सॲप. पंधरा गेले की पस्तीस. पाच भिशीचे (येतेच त्यावर). उरलेल्या तिसात पॅराशूटची बाटली, जी तिला स्वतःचीच लागते, दुसऱ्याची चालत नाही. पार्ले-जी. ओक ट्री रोडवरून बडीशेप, भाजलेली, साखरेची नाही. एखाद्या महिन्यात पुढून बटणांची मॅक्सी, कारण डोक्यावरून घालायला उजवा हात साथ देत नाही, आणि ती मॅक्सी लाँड्रीत हरवते, मग परत. पाडव्याला साखरेची गाठी. यातलं बरंचसं मी माझ्या पैशानं आणू शकते आणि आणतेही, पण बडीशेप आणि गाठी ती मला आणू देत नाही, म्हणजे आणू देते पण पैसे मोजून देते. पावती मागते! मी पावती विसरले तर अंदाजानं देते आणि अंदाज नेहमी जास्तीचा असतो.

भिशी. शेजारच्या खोलीत दोन गुजराती बा आहेत आणि समोर एक तेलुगू अम्मा. या चौघींनी मिळून महिन्याला पाच-पाच डॉलरची भिशी सुरू केलीय. वीस डॉलर जमतात, चिठ्ठी टाकतात, एकीला मिळतात. अम्माला सुरुवातीला कळेना की हे काय चाललंय, तिला पहिल्याच महिन्यात लागली, मग लगेच कळलं. तिथल्या सोशल वर्करनं हे ऐकलं आणि तिला वाटलं जुगार आहे, मला फोन आला, गंभीर आवाजात, तुमच्या आंटी इतर रेसिडेंटकडून पैसे गोळा करतायत. मी तिला वीस मिनिटं भिशी समजावली. शेवटी सेव्हिंग क्लब म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आत्याला लागली तेव्हा तिनं वीसच्या वीस डॉलरची चितळेंची बाकरवडी मागवली आणि विंगमध्ये वाटली. तिला स्वतःला मऊ खायचंय, ती खाऊ शकत नाही, तिनं एक तुकडा चहात बुडवून चघळला म्हणे. दोन्ही बांनी बाकरवडी मुळात गुजरातची आहे यावरून वाद घातला, तो अजून मिटलेला नाही.

दुसरी बाजू पण बघितली तिथे. त्याच मजल्यावर एक आजोबा होते, डिमेन्शिया, त्यांना काही मागायचं सुचतच नव्हतं. त्यांचे पन्नास दर महिन्याला नुसते साठत गेले. खात्यात २,००० डॉलरच्या वर गेले की मेडिकेडच धोक्यात येतं, ती मर्यादा १९८९ पासून तेवढीच आहे, म्हणून २०० कमी असताना, म्हणजे अठराशेला, फॅसिलिटीनं घरच्यांना कळवावं लागतं. त्यांच्या मुलीला तसं पत्र आलं. ती मला लिफ्टमध्ये भेटली, हातात मोठ्या टीव्हीचा खोका, म्हणाली खर्च करायला सांगितलंय. त्यांना टीव्ही कळत नव्हता. तीन वर्षं त्यांच्या पायातल्या सपाता मी बघत होते असं ती म्हणाली, टाचा गेलेल्या, मला वाटायचं ते लोक बघत असतील. त्या लोकांना वाटत असेल मुलगी बघते. ते आजोबा पुढे गेले. माणूस गेल्यावर तीस दिवसांत पैसे आणि शेवटचा हिशोब द्यायचा असतो, तो त्यांना वेळेत मिळाला, हे त्या ऑफिसबद्दल चांगलं म्हणून नोंदवते.

ज्यांचं माणूस नुकतंच अशा ठिकाणी गेलंय किंवा जाणार आहे त्यांना दोन-चार गोष्टी सांगते. पैसे सांभाळायच्या कागदावर सही करायच्या आधी थांबा, घरी न्या तो कागद. स्टेटमेंट तीन महिन्यांनी येतं, पण मधेच कधीही मागता येतं, मागा. ज्या ओळीवर नुसतं पर्सनल आयटम लिहिलंय ती कसली ते विचारा. केअर प्लॅनची मीटिंग असते तिथे सगळे औषधं आणि पडण्याबद्दल बोलतात, तिथे पैशाचंही बोला, माझ्या बाबतीत त्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं बोलल्यानं जे झालं ते खिडकीवर सहा महिन्यांत झालं नव्हतं. आणि तरीही नाही जमलं तर प्रत्येक राज्यात लाँग टर्म केअरचा ओंबड्समन, म्हणजे रेसिडेंटच्या तक्रारी बघणारा माणूस, असतो, त्याचा नंबर लॉबीत लावलेलाच असतो, आमच्याकडे तो कुंडीच्या मागे होता. फोन करायला काही पैसे लागत नाहीत. मला करावा लागला नाही, पण नंबर मी मीटिंगमध्ये वहीवर मोठ्या अक्षरात लिहून वही उघडी ठेवली होती. चालतं तेही.

तर त्या मीटिंगनंतर बदल असा झाला की शनिवार-रविवारी रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये पैशाचं एक पाकीट असतं, रेसिडेंटनं सही केली की त्यातून चाळीस डॉलरपर्यंत मिळतात. वर्षभर हे होऊ शकत होतं. पाकीटच तर आहे. यासाठी अर्धा स्टार वाढवला. उरलेला एक त्या खिडकीवरच्या मुलीला, कारण सांगते.

पाकीट सुरू झाल्यावर आत्यानं पहिल्यांदा पैसे काढले ते माझ्या मोठीच्या वाढदिवसाला. यावेळी मी तिच्याबरोबर होते, पण गुरुवार होता म्हणून खिडकीच उघडी होती. आत्या म्हणाली, "ट्वेंटी वन." मुलीनं वीसची नोट ठेवली. आत्या म्हणाली, "ट्वेंटी वन." मुलगी म्हणाली माझ्याकडे एकची नोट नाही, वीस घ्या ना, किंवा पंचवीस. आत्या हलेना. मागे दोघं उभे. मी मराठीत म्हटलं आत्या घे ना वीस, एक डॉलर माझ्याकडे आहे. तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. मग तिनं तिच्या मोडक्या इंग्लिशमध्ये, स्ट्रोकनं जीभ जड झालेली, त्या मुलीला समजावलं की वीसवर थांबलं की ते संपलं, वर एक ठेवला की पुढे चालू राहतं. मला एवढं नीट कधी सांगता आलं नसतं. मुलगी उठली, मागच्या खोलीत गेली, स्वतःच्या पर्समधून एकची नोट आणून ठेवली, आणि खात्यातून एकवीस लिहिले, एक स्वतःकडे परत घ्यायचा म्हणून चिठ्ठी डकवली. हिशोबाला पक्की आहे.

आता आत्या दिसली की ती मुलगी विचारते, इलेव्हन ऑर ट्वेंटी वन? आणि ड्रॉवरच्या पाकिटातही तिनं एकच्या नोटा ठेवल्यात, रबर लावून. मागच्या शनिवारी रिसेप्शनवालीनं त्या चहाच्या मशीनला वापरून टाकल्या होत्या, तेवढं मंगळवारी जाऊन सांगायचंय.